ऑनलाइन दुकानाचं होस्टिंग: गल्ल्यावर माणसं किती?

होळी झाली की खान्देशात गच्च्यांवर कुरडया, बिबडे, उडदाचे पापड वाळायला लागतात. तेव्हापासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) सुरत, पुणे, नाशिकला राहणाऱ्या आपल्या माणसांची मागणी सुरू असते. यातली बरीच मागणी आजही व्हॉट्सॲपवर घेतली जाते: वहीत पत्ता, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती. दिवसाला पंधरा-वीस ऑर्डरपर्यंत हे निभतं. त्यापुढे पत्ते चुकतात, कुणाचे पैसे आले ते जुळत नाही, आणि स्वतःच्या वेबसाइटचा विषय निघतो. तिथे सुरुवातीच्या खर्चात होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर घेतलेली भाड्याची जागा, येतं, आणि ते निवडताना बहुतेक जण नेमके ज्याला फारसा अर्थ नाही असेच आकडे बघतात.

होस्टिंगच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात काय असतं? १०० जीबी जागा, अमर्याद बँडविड्थ (साइटवरून जाणाऱ्या माहितीचं प्रमाण), पहिल्या वर्षी डोमेन (साइटचं नाव) फुकट. आता हिशेब करा. तुमच्याकडे ३०० वस्तू आहेत, प्रत्येकीचे ४ फोटो, म्हणजे १,२०० फोटो. फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी प्रकारात साठवला तर तो १००-१५० केबीत बसतो. साइट बहुधा वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनते, आणि तो प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या मापांच्या आणखी प्रती करतो. त्या धरूनही एका फोटोमागे अर्धा एमबी पुरतो. सगळे मिळून ६०० एमबी. वर्डप्रेस, प्लगिन (त्याला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), डेटाबेस (ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांची नोंदवही) धरला तरी अख्खं दुकान दोन-तीन जीबीत मावतं. महिन्याला १०,००० भेटी झाल्या आणि प्रत्येक भेटीत ५ एमबी माहिती गेली, तर बँडविड्थ ५० जीबी. म्हणजे १० जीबी जागेच्या प्लॅनमध्येही जागा उरते, आणि १०० जीबीचे पैसे रिकाम्या गोदामाचं भाडं म्हणून जातात.

जागेच्या बाबतीत एकच आकडा खरा विचारायचा: फाइलींची संख्या, ज्याला होस्टिंगवाले आयनोड म्हणतात. ‘अमर्याद’ प्लॅनलाही याची मर्यादा असते, फक्त ती अटींच्या पानावर खाली लिहिलेली असते. एका फोटोच्या दहा प्रती धरल्या तर १,२०० फोटोंच्या १२,००० फाइली होतात. वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगिन) आणि बाकीच्या प्लगिनच्या कित्येक हजार. त्याच खात्यावर ईमेल ठेवला असेल तर साधारणपणे प्रत्येक मेलही एक फाइल. मर्यादा भरली की नवा फोटो चढत नाही, बॅकअप अर्धवट राहतो, आणि जागा तर भरपूर रिकामी दिसत असते. म्हणून लोक तासन्‌तास भलतीकडे कारण शोधत बसतात.

गल्ल्यावरची माणसं

सराफाच्या दुकानात बघणारे पन्नास जण एका वेळी उभे राहू शकतात. पण वजन करून बिल बनवणारे दोघंच असतील, तर रांग तिथे लागते. ऑनलाइन दुकानाचंही अगदी असंच आहे. वस्तूचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून सर्व्हर ते एकदा तयार करून ठेवतो आणि येईल त्याला तयार प्रत देतो. याला कॅश म्हणतात, आणि अशा पानांवर हजार माणसं आली तरी फरक पडत नाही. कार्ट, चेकआउट आणि ‘माझं खातं’ ही पानं मात्र प्रत्येकाची वेगळी. ती दर वेळी ताजी बनवावी लागतात. ती बनवणारा एकेक कामगार म्हणजे पीएचपी वर्कर (पीएचपी ही वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा). एक वर्कर एका वेळी एकच काम करतो. तुमच्या प्लॅनमध्ये असे वर्कर किती, हा होस्टिंग घेतानाचा पहिला प्रश्न. जाहिरातीत तो आकडा बहुधा नसतोच.

आखाजीच्या आठवड्यात रात्री साडेआठला दहा-बारा ग्रुपमध्ये संदेश टाकला आणि दहा मिनिटांत ३०० जण आले असं धरा. प्रत्येकाने ४ पानं पाहिली, म्हणजे १,२०० पानं. त्यातल्या ६० जणांनी खरेदी सुरू केली. वस्तू कार्टमध्ये टाकली, कार्ट उघडली, चेकआउटवर गेले, पिनकोड टाकल्यावर कुरिअरचा दर पुन्हा काढला गेला, पैसे भरण्याचा प्रकार बदलला, ऑर्डर दिली, शेवटचं पान आलं. प्रत्येकी साधारण ८ विनंत्या, एकूण ४८०. एका विनंतीला दीड सेकंद लागला तर ७२० सेकंदांचं काम झालं, आणि आपल्याकडे दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद आहेत. ७२० भागिले ६००, सरासरी १.२ वर्कर सतत गुंतलेले.

कॅश नीट बसवलेली नसेल तर त्यात १,२०० पानांचे प्रत्येकी एक सेकंद वाढतात. एकूण १,९२० सेकंद, म्हणजे ३.२ वर्कर. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काही थीममध्ये (साइटच्या तयार साच्यांमध्ये) वरच्या पट्टीत कार्टचं चिन्ह आणि त्यातल्या वस्तूंचा आकडा असतो. तो ताजा ठेवण्यासाठी प्रत्येक पान उघडल्यावर मागून एक छोटी विनंती जाते, आणि तिला कॅश लागू होत नाही. १,२०० पानं, प्रत्येकी ०.७ सेकंद, म्हणजे ८४० सेकंद. पानं कॅशमधून येत असली तरी ही भर पडून सरासरी २.६ होते. थीम निवडताना ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कच्या यादीत ‘गेट रिफ्रेश्ड फ्रॅगमेंट्स’ नावाची विनंती दर पानाला जाते का ते बघा. जात असेल तर ती थीम नको, किंवा तो आकडा बंद करा.

हे सगळे आकडे सरासरीचे. ग्रुपवर संदेश पडला की निम्मी माणसं पहिल्या दोन-तीन मिनिटांतच येतात, म्हणून सरासरीच्या तिप्पट तरी क्षमता धरावी. कॅश चोख असेल तर ४ वर्कर, नसेल तर १०. दोन वर्करचा स्वस्त प्लॅन एरवी वर्षभर सुरळीत चालेल आणि ज्या रात्री सगळ्यात जास्त विक्री व्हायची त्याच रात्री अडेल. क्लाउडलिनक्स ही प्रणाली वापरणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) अशा वेळी ‘५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड’ असं पान दिसतं, इतर ठिकाणी ५०३ किंवा ५०४. वर्करच्या जागी क्लाउडलिनक्सवर ‘एंट्री प्रोसेस’ हा शब्द असतो. दोन्ही तंतोतंत एक नाहीत, पण तुलना करायला चालतं.

मात्र नुसता वर्करचा आकडा वाढवून भागत नाही. एका विनंतीला प्रोसेसरचे ०.४ सेकंद लागत असतील, तर प्रोसेसरचा एक कोअर (काम करणारा एक भाग) सेकंदाला अडीच विनंत्याच पार पाडू शकतो, मग वर्कर २० असोत की ४०. त्यामुळे वर्कर, कोअर आणि मेमरी हे तिन्ही आकडे एकत्र विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विक्री विभागातला माणूस या प्रश्नाला ‘चिंता नको, सगळं अमर्याद आहे’ एवढंच म्हणत असेल, तर माझ्या मते तिथे पैसे गुंतवू नयेत.

सर्व्हर कुठे आहे

गिऱ्हाईक सुरत, पुणे, जळगाव, इंदूरचं असेल तर सर्व्हर मुंबईत असावा. मोठ्या क्लाउड कंपन्यांची मुंबईत केंद्रं आहेत (ॲमेझॉनचं २०१६ पासून, गूगलचं २०१७ पासून), आणि बरेच होस्टिंगवाले त्यांच्याच जागेवर आपले प्लॅन विकतात. प्लॅनमध्ये नुसतं ‘एशिया’ लिहिलं असेल तर ते सिंगापूर असू शकतं, म्हणून शहराचं नाव विचारा.

अंतराचा फरक का पडतो, तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात पानाचं पहिलं अक्षर येण्याआधीच फेऱ्या होतात: एक जोडणीची, एक कुलपाची म्हणजे टीएलएसची, एक प्रत्यक्ष मागणीची. मोबाइल नेटवर्कवरून मुंबईला एक फेरी ४० मिलिसेकंदांत झाली तर तीन फेऱ्यांना १२०. अमेरिकेतल्या सर्व्हरला एक फेरी २५० मिलिसेकंद धरली तर ७५०, म्हणजे पाऊण सेकंद नुसता येण्याजाण्यात. क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साइटच्या प्रती जागोजागी ठेवणारं सर्व्हरचं जाळं) लावलं की फोटो जवळून येतात, पण चेकआउटची विनंती मूळ सर्व्हरपर्यंत जातेच. ते अंतर सीडीएन मिटवत नाही.

सीडीएनबद्दल एक कडक इशारा. ‘सगळं कॅश करा’ हा नियम घाईने लावू नका. त्यात चेकआउट किंवा खात्याचं पान अडकलं, तर एका गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो. कार्ट, चेकआउट, खातं ही तिन्ही पानं आणि वूकॉमर्सच्या कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) असलेली प्रत्येक विनंती वगळल्याशिवाय तो नियम चालू करायचा नाही.

दुकानातल्या संगणकावरच साइट ठेवून पैसे वाचवावेत, असाही विचार कधी कधी मांडला जातो. वीज जाते, आणि बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतःचा पत्ताच नसतो. तो नाद सोडलेला बरा.

शेअर्ड, व्हीपीएस की शॉपिफाय

तीनशे-चारशे वस्तू आणि दिवसाला वीस-पंचवीस ऑर्डर एवढ्यासाठी मुंबईतल्या सर्व्हरचं, लाइटस्पीड किंवा तत्सम कॅश असलेलं चांगलं शेअर्ड किंवा मॅनेज्ड (देखभाल कंपनीच बघते असं) वर्डप्रेस होस्टिंग पुरतं. तांत्रिक बाजूने एवढं तपासा: पीएचपी ८.२ किंवा पुढची आवृत्ती, डेटाबेस मायएसक्यूएल ८.० किंवा मारियाडीबी १०.६ च्या खाली नको, वर्डप्रेसला किमान २५६ एमबी मेमरी, आणि जमलं तर रेडिस (डेटाबेसची उत्तरं मेमरीत तयार ठेवणारा प्रोग्रॅम). पीएचपी ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय. अजून तीच आवृत्ती मूळ म्हणून देणारा होस्ट बाकी गोष्टीतही मागेच असणार.

व्हीपीएस (सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग) म्हणजे भाड्याची रिकामी खोली. जागा तुमची, पण झाडलोट, कुलूप, पाणी सगळं तुम्हीच बघायचं. दोन कोअर आणि ४ जीबी मेमरीचा व्हीपीएस घेतला तर वाटणी अशी बसते: डेटाबेसला १ जीबी, यंत्रणेला अर्धा, रेडिसला पाव, आणि एका पीएचपी वर्करला ८० ते १५० एमबी. म्हणजे १० वर्कर ठेवले की दीड जीबी गेले, आणि थोडी मोकळीक उरते. कुणी उत्साहाने वर्कर ४० केले तर गर्दीत मेमरी संपते आणि लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद पाडतो. तो बहुधा डेटाबेसच असतो. मग साइटवर ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढंच दिसतं. दर आठवड्याला अपडेट करणारा आणि रात्री फोन उचलणारा जाणकार हाताशी असेल तरच व्हीपीएस घ्या.

तांत्रिक काम कुणीच बघणार नसेल तर शॉपिफायसारखी तयार सेवा खरंच सोयीची. वर्कर, बॅकअप, अपडेट याचा विचारच करावा लागत नाही. मात्र मासिक भाडं जास्त असतं, आणि शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नसल्याने बाहेरचा गेटवे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) वापरावा लागतो. त्यावर गेटवेच्या शुल्काशिवाय शॉपिफायचं वेगळं व्यवहार शुल्क लागतं. महिन्याच्या विक्रीवर ती टक्केवारी लावून बघा. पापडासारख्या कमी नफ्याच्या मालात ती चांगलीच जाणवते.

पैसे आले, ऑर्डर आली नाही

होस्टिंगच्या चुकीने होणारं हे सगळ्यात मोठं नुकसान, आणि ते होस्टिंगमुळे झालंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर चेकआउट करतं, यूपीआय ॲप उघडतं, पिन टाकतं, पैसे जातात. मग ते ब्राउझरवर परत येतंच असं नाही. फोनची मेमरी कमी असेल तर मागचं पान बंद झालेलं असतं, किंवा पैसे गेल्याचा संदेश बघून माणूस फोन खिशात ठेवतो. अशा वेळी दुकानाला ‘पैसे मिळाले’ हे कळतं ते गेटवेच्या सर्व्हरने पाठवलेल्या निरोपातून, म्हणजे वेबहुकमधून. गेटवेला काही सेकंदांत उत्तर हवं असतं. तुमचे सगळे वर्कर गुंतलेले असतील, किंवा होस्टच्या सुरक्षा-भिंतीने त्या निरोपाला यंत्रमानव समजून अडवलं, तर ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अशीच पडून राहते. त्यात वूकॉमर्समध्ये स्टॉकची मोजणी चालू असेल तर न भरलेली ऑर्डर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी आपोआप रद्द होते. गिऱ्हाइकाचे पैसे गेलेत आणि इकडे ऑर्डर रद्द.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. दहा रुपयांची एक वस्तू तयार करा, मोबाइलवरून ऑर्डर द्या, यूपीआय ॲपमध्ये पैसे भरा आणि ब्राउझरवर परत न जाता ते पान बंद करा. दोन मिनिटांत ऑर्डर ‘प्रोसेसिंग’ झाली तर वेबहुक पोहोचतोय. नाही झाली तर गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकच्या नोंदीत उत्तराचा क्रमांक बघा. ४०३ असेल तर सुरक्षा-भिंत अडवतेय, होस्टला सांगून तेवढा पत्ता मोकळा करून घ्या. ५०० किंवा त्यापुढचा आकडा असेल तर सर्व्हर किंवा एखादं प्लगिन कोलमडतंय. नवं होस्टिंग घेतल्यावर, सुरक्षेचं प्लगिन टाकल्यावर आणि सीडीएन जोडल्यावर ही चाचणी पुन्हा करायचीच.

ऑर्डर रद्द करणं, स्टॉक मोकळा करणं, ठरावीक वेळी मेल पाठवणं ही कामं वर्डप्रेस कुणीतरी साइट उघडल्यावरच करतो. पानं कॅशमधून जायला लागली की ती कामं तुंबतात. म्हणून वर्डप्रेसचं हे अंगभूत क्रॉन (ठरल्या वेळी काम करणारी सोय) बंद करून सीपॅनेलमधून, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरून, दर ५ मिनिटांनी खरं क्रॉन लावा. काही स्वस्त प्लॅनमध्ये तासातून एकदाच परवानगी असते, तेही आधी विचारून घ्या.

ईमेल, बॅकअप आणि चाव्या

ऑर्डरचे मेल होस्टिंगच्या साध्या मेल-सोयीतून पाठवू नका. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणी कचरा मेल पाठवला असेल तर तुमचाही मेल स्पॅममध्ये जातो. शिवाय तासाला किती मेल जातील यावर मर्यादा असते: ६० ऑर्डर म्हणजे तुम्हाला एक, गिऱ्हाइकाला एक, असे तासात १२० मेल. वेगळी एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा घ्या आणि डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही भरा; मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे त्यांवरून पटतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत जास्तच काटेकोर झालेत.

बॅकअपच्या बाबतीत ‘रोज घेतो’ एवढं उत्तर पुरेसं नाही. ब्लॉगला रोजचा बॅकअप चालतो, दुकानाला नाही. बॅकअप पहाटे २ चा आहे, संध्याकाळी ७ ला एका प्लगिनच्या अपडेटने साइट बिघडली, आणि तुम्ही तो बॅकअप परत टाकला: मधल्या १७ तासांच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या, पैसे मात्र घेतलेले. म्हणून विचारायचं ते असं: फाइली आणि डेटाबेस वेगवेगळे परत आणता येतात का? प्लगिन बिघडलं असेल तर फक्त फाइली मागे न्यायच्या, डेटाबेसला हात लावायचा नाही. डेटाबेसचा बॅकअप हंगामात दर तासाला मिळतो का? प्रत दुसऱ्या ठिकाणी राहते की त्याच सर्व्हरवर? आणि परत आणण्याचे वेगळे पैसे लागतात का?

स्टेजिंग, म्हणजे साइटची चाचणीपुरती प्रत, हवीच. पण तीतही एक खड्डा आहे. सोमवारी प्रत काढली, चार दिवस त्यावर नवी रचना केली आणि शुक्रवारी एक बटण दाबून ती अख्खी मूळ साइटवर ढकलली, की सोमवारचा डेटाबेस चार दिवसांच्या ऑर्डरींवर बसतो. ढकलताना फाइली आणि ठरावीक टेबलंच निवडता येतात का ते बघा. येत नसेल तर बदल हाताने पुन्हा करा. वेळ जातो, पण ऑर्डरी राहतात.

डोमेन होस्टिंगबरोबर फुकट मिळतंय म्हणून तिथेच घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी आणि सातबारा दोन्ही. ते वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे), स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल आणि ईमेलवर घ्या. आपल्याकडे साइट करून देणारा मुलगाच डोमेनही स्वतःच्या खात्यातून घेतो, आणि दोन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला गेला की पाटी कुणाची हा प्रश्न उभा राहतो. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं तर पासवर्ड बदलायचा मेलच पोहोचणार नाही. मुदत संपलेलं .कॉम डोमेन सुरुवातीच्या सवलतीनंतर ३० दिवसांच्या दंडाच्या मुदतीत जातं. तिथून सोडवायला मूळ किमतीच्या कित्येक पट पैसे पडतात.

सुरक्षा-प्रमाणपत्राचे म्हणजे एसएसएलचे वेगळे पैसे देण्याची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत चालतं, फक्त नूतनीकरण आपोआप होतंय याची खात्री करा. प्रमाणपत्रांची जास्तीत जास्त मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हाताने बदलत बसणं परवडणार नाही.

किंमत नीट मोजा

समजा जाहिरात आहे ‘दरमहा फक्त १४९ रुपये’. खाली बारीक अक्षरात ४८ महिने एकदम भरायचे असतात: ७,१५२ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,२८७. एकूण ८,४३९. नूतनीकरणाचा दर ४४९ असेल तर त्यानंतर वर्षाला ५,३८८ अधिक ९७० जीएसटी, म्हणजे ६,३५८. तुलना करायची तर प्रत्येक कंपनीचा पाच वर्षांचा एकूण खर्च काढा, पण पैसे आधी एकाच वर्षाचे भरा. महिन्याला थोडे जास्त पडतील, पण न आवडल्यास बाहेर पडता येतं.

राज्याबाहेर, म्हणजे सुरतलाही, करपात्र माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागते. नोंदणी असेल तर पैसे भरण्याआधी होस्टिंगच्या खात्यात जीएसटी क्रमांक टाका, नाहीतर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळत नाही. परदेशी कंपनी असेल तर डॉलरचा दर आणि बँकेचा अधिभार धरा. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या ई-मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) नियमांनंतर कार्डावरून आपोआप होणारी परदेशी नूतनीकरणं अडकू शकतात. मुदतीच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

‘९९.९ टक्के चालू’ या हमीचा अर्थ ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद असली तरी करार पाळला गेला. ९९ टक्के असेल तर ७ तास १२ मिनिटं. भरपाई मिळते ती होस्टिंगच्या भाड्याच्या हिशेबात, बुडालेल्या विक्रीच्या नाही. मोफत देखरेख सेवा लावली की दर ५ मिनिटांनी तपासणी होते. तिला मुख्य पानाबरोबर चेकआउटचा पत्ताही द्या.

घेण्याआधी मदत कक्षाला रात्री दहाला एक तांत्रिक प्रश्न विचारा: ‘वेबहुकला ४०३ येतोय तर कुठली नोंद बघू?’ उत्तर किती वेळात आणि किती नेमकं येतं, यावरून सणाच्या रात्री काय होईल ते कळतं. त्या कंपनीवर चालणारं एखादं दुकान दाखवायला सांगा, तिथे मोबाइल डेटावरून वस्तू कार्टमध्ये टाका आणि कार्टचं पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजा. मुख्य पान कॅशमधून येतं, त्याच्या वेगावरून काही सिद्ध होत नाही. गूगल सर्व्हरच्या पहिल्या उत्तराला ०.८ सेकंदांपर्यंत चांगलं मानतं. कार्टच्या पानाला एक ते सव्वा सेकंद झाला तरी चालेल, दोनच्या पुढे नको.

बदलायचं असेल तर

गेटवेची मंजुरी मिळायला साइट आधी चालू असावी लागते, परतावा आणि डिलिव्हरीच्या अटींची पानं, संपर्काचा पत्ता सगळं भरून. म्हणून पहिल्या वर्षी होस्टिंग हंगामाच्या किमान महिनाभर आधी घ्या. आणि ते बदलायची वेळ आलीच, तर पितृपक्षाचा पंधरवडा गाठा. लोक त्या दिवसांत नवी खरेदी टाळतात, ऑर्डरी कमी असतात आणि दिवाळीला अजून अवकाश असतो.

दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या नोंदींचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद लक्षात ठेवण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणा. साइटची प्रत नव्या ठिकाणी टाका आणि आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (साइटचा पत्ता फक्त त्या संगणकापुरता बदलणारी फाइल) नवा पत्ता लिहून ती एकट्याने तपासा. मग रात्री १ नंतर जुन्या साइटवर ‘थोडा वेळ बंद’ची पाटी लावा, म्हणजे मधल्या वेळात जुन्या डेटाबेसमध्ये ऑर्डर पडणार नाही. डेटाबेसची शेवटची प्रत न्या आणि फक्त ए रेकॉर्ड (सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) बदला. नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले आणि नव्या जागी मेलच्या नोंदी भरायच्या राहिल्या, तर सकाळपासून ईमेल येणंच बंद होतं. मग एसएसएल, क्रॉन, एसएमटीपी आणि दहा रुपयांची यूपीआय चाचणी, या क्रमाने बघा. जुनं खातं लगेच बंद करू नका, महिनाभर राहू द्या. एखादा विसरलेला मेलबॉक्स किंवा फोटोंचं फोल्डर तिथेच सापडतं.